घरी करावी की विकत आणावी?

गोरेगाव म्हटलं की समोरची बाई हमखास विचारते, "म्हणजे मुंबईचं?" नाही हो. आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. हळदीचं आणि सोयाबीनचं. इथं लोकलगाडी नाही, एस.टी. आहे, ती येईल तेव्हा. तर या आमच्या गोरेगावात, आमच्या घरात, मागच्या वर्षी सहा महिने एकाच प्रश्नावर धुसफूस चालली होती. पापड घरी लाटावेत की विकत आणावेत यावर बायकांचं जसं एकमत होत नाही, तसाच तो प्रश्न. फक्त इथं पापडाच्या जागी बंदूक होती.

घाबरू नका. आमचं घर काही दरोडेखोरांचं नाही. ह्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे, मी कपडे शिवते, आणि बंदूक हवी होती ती आमच्या धाकट्या लेकीला, खेळायला. नेमबाजीचा खेळ असतो ना, तो.

बंदूक आमच्या घराला नवी नव्हती. मामंजींकडे ठासणीची जुनी बंदूक होती, परवान्याची. रानडुकरं आणि रोही पिकात शिरले की बार काढायचा, आवाजानं जनावर पळायचं, एवढाच तिचा उपयोग. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची, झाली की परत आणायची, परवाना संपला की हिंगोलीला खेपा घालायच्या. मामंजी गेल्यावर ह्यांनी ती रीतसर सरकारजमा करून टाकली तेव्हा आत्याबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. तेव्हा नातीनं बंदुकीचं नाव काढल्यावर त्यांनी काय म्हटलं असेल याची कल्पना तुम्हीच करा.

झालं असं, की पोरगी हिंगोलीला अकरावीत गेली, तिथं एन.सी.सी. घेतली आणि दहा दिवसांच्या कॅम्पला जाऊन आली. मला वाटलं, उन्हानं काळवंडून, पायाला फोड घेऊन येईल. आली तशीच, पण वहीत एक पुठ्ठ्याचा कागद घडी घालून घेऊन आली. पॉइंट टू टू रायफलच्या पाच गोळ्यांची भोकं होती त्यावर. तिनं रुपयाचं नाणं काढलं आणि त्या भोकांवर ठेवलं. पाचही झाकली. "आई, साहेब म्हणाले, हिचा हात स्थिर आहे." मी म्हटलं, बरं बाई, मग पोळ्या गोल येतील. पण तो कागद तिनं देवघराच्या कडेला टाचणीनं लावला.

त्याच सुमाराला, १ ऑगस्ट २०२४ ला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं. खेडेगावातला मुलगा. आमच्याकडे त्या दिवशी टीव्ही बंद झालाच नाही. पोरगी म्हणाली, "अंजली भागवतही एन.सी.सी.तूनच पुढे आली, माहितीय का? २००२ साली जगात पहिली होती." मला नाव माहीत होतं, एन.सी.सी.चं माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती संभाजीनगरला मामाकडे गेली. मामानं तिला एका रेंजवर नेलं. तिथं पहिल्यांदा तिनं दहा मीटरची हवेची रायफल हातात घेतली. मीही चार दिवस जाऊन पाहून आले, म्हणून सांगते. या खेळात दारूगोळा नाही, धूर नाही. शिशाचा साडेचार मिलिमीटरचा छर्रा, आणि मागून दाबलेली हवा. समोरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका केवढा? अर्धा मिलिमीटर! खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. साठ छर्रे, सव्वा तास, उभ्यानं. माझा जीव तर नुसतं बघून थकला. पण पोरगी जी उभी राहिली ती राहिली. घरी एका जागी पाच मिनिटं न टिकणारी ही मुलगी, तिथं खांबासारखी. श्वास घेतेय की नाही ते कळेना.

रेंजवरच्या सरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "ताई, क्लबची रायफल तीन मुलं वापरतात. दर वेळी दस्ता, गालाची पट्टी, सगळं दुसऱ्याच्या अंगाचं. सुट्टीपुरतं ठीक. स्पर्धा खेळायची तर स्वतःची हवी." मी किंमत विचारली. परदेशी, नवी, अडीच-तीन लाखांच्या घरात. अंगातलं जाड जाकीट, पँट, बूट, हातमोजा वेगळा.

अडीच लाख! आमच्या दुकानाची निम्मी उधारी वसूल झाली असती तर हातात आले असते एवढे. ती कधी वसूल व्हायची?

घरी आल्यावर जेवताना आकडा सांगितला. हे काहीच बोलले नाहीत, नुसता भात कालवत बसले. बोलले ते धाकटे भावजी. भावजींचं गावात वर्कशॉप आहे. मोटारी, फवारणीचे पंप, हळद शिजवायचे कुकर, काय म्हणाल ते दुरुस्त करतात. एक जुनं लेथ मशीन आहे, त्यावर काय वाट्टेल ते घडवतात. ते म्हणाले, "वहिनी, अडीच लाख कशाला घालायलाव? हवेची बंदूक म्हंजी काय? फवाऱ्याचा पंप आन् पुढं एक नळी. मी बनवून देतो पोरीला."

खरं सांगते, त्या क्षणी सगळ्यांच्या जिवावरचा दगड उतरला. ह्यांनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

भावजींचा उत्साह काय वर्णावा! हिंगोलीच्या दसऱ्याच्या मेळ्यात फुगे फोडायच्या बंदुका असतात ना, त्यातली एक मोडकी त्यांनी एका दुकानवाल्याकडून घेतली. तिची स्प्रिंग बदलली. वाड्याच्या जुन्या दाराची सागवानी चौकट पडून होती, तिचा दस्ता तासला. पोरीला वर्कशॉपात उभं करून खांद्यापासून हनुवटीपर्यंत, कोपरापासून बोटापर्यंत दोरीनं मापं घेतली, अगदी मी ब्लाउजची घेते तशी. रात्री अकरा-अकरापर्यंत दिवा जळत असायचा. लाकूड असं गुळगुळीत केलं होतं, की हात फिरवत राहावंसं वाटावं. विकतच्या बंदुकीला हे प्रेम कुठलं?

मग एका रविवारी परीक्षा. आमच्या हळदीच्या गोदामात दहा मीटर मोजले, मागं मातीनं भरलेल्या गोण्यांची भिंत रचली, कागद लावला. भावजींनी सांगितलं, माणसाच्या हाताची चूक नको, म्हणून बंदूक टेबलावरच्या शिकंजात पक्की आवळली. दहा छर्रे मारले. बंदूक हलली नाही, कागद हलला नाही. आणि भोकं? चहाची बशी ठेवावी तेवढ्या जागेत पसरली होती. एक तर कागदाच्या बाहेर. पोरगी काही बोलली नाही. देवघराकडचा तिचा कागद आणून शेजारी धरावा असं माझ्या मनात आलं, पण भावजींचा चेहरा पाहून गप्प बसले.

पुढं सरांनी फोनवर समजावलं तेव्हा कारण कळलं. दस्ता कितीही देखणा असो, नेम ठरतो नळीत. नळीच्या आत पिळाचे बारीक आटे असतात, त्यांनी छर्रा फिरत जातो आणि सरळ जातो. ते आटे जराही खडबडीत असले, की छर्रा आपल्या मर्जीनं जातो. दुसरं म्हणजे हवा. प्रत्येक छर्ऱ्यामागं हवेचा रेटा तोच, तेवढाच हवा. हल्लीच्या स्पर्धेच्या रायफलीत सिलिंडर असतो, त्यात दोनशे बार दाब भरतात. ट्रकच्या चाकात असतो त्याच्या जवळपास पंचवीस पट! फवाऱ्याच्या पंपाचं इथं काय चालणार?

भावजी मात्र हटेनात. "नळीच खराब हाय ना? मी लेथवर नवी काढतो. आन् सिलिंडर बी करतो जाड पाइपाचा." आता मात्र माझ्या पोटात गोळा आला. दोनशे बारचा घरी जोडलेला पाइप, आणि त्याला माझी पोरगी गाल टेकवणार!

माझ्या माहेरच्या नात्यातले एक वकील हिंगोलीला असतात. मार्केटात हळदीच्या पट्टीसाठी गेले होते, तशीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून म्हणाले, "ताई, दीरांना आजच थांबवा. साडेचार मिलिमीटरची, वीस ज्यूलच्या आतली हवेची बंदूक दुकानातून घ्यायला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद करतो. स्पर्धेची रायफल त्यातच बसते. पण घरच्या लेथवर नळी काढून शस्त्र तयार करणं ही निराळी गोष्ट. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय शस्त्र बनवायला मनाई आहे. उद्या तिची ताकद किती भरते ते कोण मोजणार? ठाण्यात मोजायची का?"

परतीच्या एस.टी.त माझं डोकं भणभणत होतं. कायदा कळला, पण तो भावजींना सांगायचा कोणी? ज्या माणसानं महिनाभर स्वतःची झोप मोडून पुतणीसाठी लाकूड तासलं, त्याला कसं म्हणायचं, की तुमचं काम नको? हे तर सरळ म्हणाले, "तूच बघ. तुमचं दीर-भावजयीचं बरं जमतं." नवरे लोकांचं हे एक असतंच!

मी आठ दिवस टाळलं. आणि त्या आठ दिवसांत मी काय केलं असेल? मी स्वतःच तोच उद्योग केला. रायफलीचं राहू दे, निदान जाकीट तरी घरी शिवू, म्हणून बसले. वीस वर्षं मशीन चालवतेय, जाकीट ते काय? दुकानातल्या ताडपत्रीचं जाड कॅनव्हास घेतलं, दोन पदरी, आत जुन्या गोधडीचं अस्तर, कोपराला चामडं. दोन सुया मोडल्या. पण जाकीट झालं, आणि मला सांगायला हरकत नाही, झकास झालं. पोरीला घातलं तर नुसती उभी राहू शकेल असं ताठ.

रेंजवर गेलो तेव्हा मोठ्या ऐटीत पिशवीतून काढून सरांपुढं ठेवलं. सरांनी काठ चिमटीत धरला. मग कपाटातून एक माप आणलं. स्पर्धेत जाकिटाच्या कापडाची जाडी एकपदरी अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही, दुहेरी पाचच्या वर नाही. ताठपणासुद्धा यंत्रावर तपासतात, कारण फार ताठ जाकीट म्हणजे अंगाला टेकूच. माझं जाकीट सगळ्यातच नापास! सर बिचारे हळू आवाजात म्हणाले, "शिवण मात्र सुंदर आहे, ताई." मला रडूच यायचं बाकी होतं. वीस वर्षांत माझं शिवलेलं कोणी परत केलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आले ती तडक वर्कशॉपात गेले. भावजी लेथवर काहीतरी करत होते. मी कायद्याचं सांगितलं, दोनशे बारचं सांगितलं, सगळं एका दमात. मशीन बंद झालं. बराच वेळ ते फडक्यानं हात पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी माझं काम जत्रंत फुगे फोडायच्याच लायकीचं."

मी काही उत्तर दिलं नाही. पिशवीतलं जाकीट काढून त्यांच्या पुढ्यात टाकलं आणि चिमटीचा, मापाचा सगळा किस्सा सांगितला. त्यांनी जाकीट उचललं, दिव्याखाली धरलं, टाके निरखले. म्हणाले, "शिवण तर चांगली हाय की." "सरही तेच म्हणाले," मी म्हटलं. तेव्हा कुठं ते हसले. मग दोघंही हसलो. आत्याबाई ओसरीवरून ओरडल्या, "काय झालं गं, येवढं दात काढायला?"

विकतच घ्यायची हे ठरलं, पण नवी झेपणारी नव्हती. म्हणून जुनी शोधू लागलो. दोन महिन्यांनी सरांच्या ओळखीनं एक समजली. एका मुलीनं खेळ सोडला होता, तिचे वडील विकत होते. एक लाख दहा हजार. मी भावजींना बरोबर नेलं. कापड मला कळतं, लोखंड त्यांना. रायफल दिसायला कोरी होती. मी तर पर्सचा चेनच उघडला होता. भावजींनी नळीत उजेड धरून पाहिलं, चाप दाबून पाहिला, मग सिलिंडर काढून हातात फिरवला आणि त्यावर कोरलेली बारीक अक्षरं वाचत राहिले. "वहिनी, याची तारीख गेली की!"

तुमच्यापैकी कोणाच्या मुलांना हा नाद लागला असेल तर एवढं लक्षात ठेवा. आपण मसाल्याच्या पाकिटावरची तारीख बघतो तशी या सिलिंडरचीही तारीख असते, जास्तीत जास्त दहा वर्षांची. ती उलटली की तो स्पर्धेत चालत नाही, आणि चालत नाही तेच बरं. एवढा दाब पोटात घेऊन बसलेली वस्तू ती. विकणारे गृहस्थ सज्जन होते, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. नव्या सिलिंडरची किंमत त्यांनी वजा करून दिली. नवा सिलिंडर आम्ही दुकानातून घेतला, पावतीसकट.

पैसे कुठून आले ते सांगायचं राहिलं. माझ्या पाटल्या मोडल्या, दोन्ही. त्या मी पोरीच्या लग्नासाठी म्हणून ठेवल्या होत्या. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. म्हणाल्या, "लग्नात पोरीच्या हातात काय बंदूक भरणारेस का?" माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीच्या लग्नात दोघी-तिघींनी माझे हात पाहून विचारलं. मी म्हटलं, पॉलिशला टाकल्यात. खोटं बोलले. का बोलले कोण जाणे. चांगल्या कामासाठी मोडल्या होत्या, तरी त्या मांडवात सांगायची लाज वाटली खरी.

भावजींचं मन मात्र रायफलीत असं गुंतलं, की आता तीच त्यांची झाली. छर्रे अडवायला त्यांनी लोखंडी पेटी केली. आतली पत्र्याची पाटी अशी तिरकी बसवली, की छर्रा उसळून मागं न येता खाली ट्रेमध्ये पडतो. रायफल टेकवायचा स्टँड केला. आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे हाताची मूठ. विकतच्या रायफलीची मूठ पोरीच्या तळव्याला मोठी होत होती. सरांना विचारून, नियमाचं माप घेऊन, भावजींनी त्याच सागवानी चौकटीच्या उरलेल्या लाकडाची मूठ कोरली. सात वेळा तासली. करंगळीखाली जरा खोल, अंगठ्याला जरा उचललेली. नळी जर्मनीची, मूठ आमच्या वाड्याच्या दाराची!

घरात काही नियम मी घातलेत, तेही सांगून टाकते. रायफल एका कपाटात, छर्रे दुसऱ्या. दोन्हींना कुलूप, किल्ल्या माझ्याकडे. गोदामाचं दार आतून लावल्याशिवाय सराव नाही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून डबा स्वयंपाकघरात आणायचा नाही, सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही. एकदा पोरीनं छर्ऱ्यांची रिकामी डबी धुऊन आत्याबाईंना लवंगा ठेवायला दिली होती. दिसायला सुबक, झाकणाची. मी ती लवंगांसकट फेकून दिली, आणि आत्याबाईंशी त्यावरूनही दोन दिवस अबोला!

पहिल्या स्पर्धेत तिचा नंबर आला नाही. मी खोटं कशाला सांगू? मधल्या पंधरा छर्ऱ्यांत हात कापायला लागला म्हणाली. पण स्पर्धेआधी सामान तपासतात तिथं मी काचेबाहेर उभी होते. तपासणाऱ्या बाईंनी रायफल तोलली, सिलिंडरची तारीख वाचली, जाकीट मापात घालून पाहिलं; ते जाकीट विकतचं, वेगळं सांगायला नको. मग मुठीशी थांबल्या. उलटसुलट करून पाहिली, माप लावलं, पोरीला काहीतरी विचारलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?" "कुठून आणली विचारत होत्या. मी सांगितलं, काकानं केली." भावजींना हे मी फोनवर सांगितलं तर पलीकडून नुसता लेथचा आवाज येत राहिला.

ती जत्रेतली बंदूक अजून वर्कशॉपात खिळ्याला टांगलेली आहे. गेल्या खंडेनवमीला भावजींनी लेथ, पाने, हातोड्या सगळं धुऊन पुसून मांडलं, हळदकुंकू वाहिलं आणि मध्यभागी तीच ठेवली. पूजा झाल्यावर गल्लीतल्या पोरांनी भिंतीला फुगे लावले. एकेकानं नेम धरला. एकाचाही फुगा फुटेना. शेवटी आमची पोरगी आली. तिनं बंदूक घेतली आणि फुग्याच्या खाली, उजव्या अंगाला, रिकाम्या भिंतीवर नेम धरला. पोरं हसायला लागली. ती म्हणाली, "काकाची बंदूक डावीकडं वर मारते. मला माहितीय." आणि एकामागून एक पाच फुगे फोडले.